ज्याच्या हाती वाट, त्याच्या माथी वाटसरू

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती नोंदवून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पुस्तकात आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा पत्ता आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर. ज्या मुलखात धड रस्ताही नव्हता, तिथून माल गाड्यांवर लादून भडोचला जाई, हेही त्याने लिहिलं आहे. पुढे राज्यं बदलली, बोली बदलली, तगरचं तेर झालं. तरीही हा पत्ता इतर पुराव्यांशी ताडून पाहत फ्लीट यांच्यासारख्या अभ्यासकाने तगर म्हणजे तेरच, अशी ओळख पटवली. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेला पत्ता खरा निघाला.

पत्ता लिहिणारा माणूस वाटसरूला वचन देत असतो, की इथवर आलास तर तुला हे सापडेल. आज हे वचन देण्याचं काम वेबसाइट आणि वेब-ॲप लिहिणाऱ्या तरुणांच्या हाती आलं आहे. त्यांतले कितीतरी याच जिल्ह्यातले आहेत. कळंबचे, उमरग्याचे, भूमचे, परंड्याचे. इथल्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकून ते हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या कचेऱ्यांत बसले आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. विषय त्यांच्या रोजच्या कामातला आहे, राउटरचा, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कोणता पडदा दाखवायचा ते ब्राउझरातच ठरवणाऱ्या प्रोग्रामचा. पण मला बोलायचं आहे ते धर्माबद्दल, म्हणजे कर्तव्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात मी बसलो होतो. साठीच्या घरातले एक शेतकरी सकाळच्या एसटीने आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सातबाऱ्याचा उतारा. केंद्र चालवणारा पोरगा हुशार आणि मनाने चांगला होता. अर्ज सात पानांचा. सहाव्या पानावर आल्यावर खाते क्रमांकातला एक आकडा चुकल्यासारखं त्याला वाटलं, म्हणून त्याने ‘बॅक’ दाबलं. पाचवं पान यायला हवं होतं. आलं ते पहिलं, आणि तेही कोरं. त्याने सगळं पुन्हा भरलं. पुन्हा ओटीपी मागवला. तो घरी असलेल्या सुनेच्या मोबाईलवर गेला, तिला फोन लावून आकडे विचारून घेतले. या खेपेला सहाव्या पानावर चाक नुसतं फिरत राहिलं, म्हणून त्याने रिफ्रेश केलं, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. पान सापडलं नाही.

“मामा, सर्व्हर डाउन झालाय. उद्या या.”

मामांनी पिशवीला गाठ मारली. उठता उठता हळूच विचारलं, “माझ्याकडून काय चुकलं का रं बाळा?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या पोराचंही नाही. सर्व्हरही डाउन नव्हता, कारण मामा गेल्यावर मी तीच साइट मुख्य पानावरून उघडली आणि ती व्यवस्थित उघडली. चूक दूर कुठल्यातरी शहरात बसून तो अर्ज लिहिणाऱ्याची होती. त्याला हे कधी कळणारही नाही. मात्र मामा एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं गमावून, वर अपराधी वाटून घेऊन घरी गेले. हे अपराधी वाटणं मला सर्वांत जास्त टोचतं. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच दोष आपला वाटावा, हे आपल्या समाजाचं जुनं दुखणं आहे. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा कचेरीतल्या कागदांपुढे हतबल होणारा शेतकरीच त्यांच्या डोळ्यांपुढे होता. कागद जाऊन आता पडदा आला. हतबलता तीच राहिली, तर आपण शिकून काय मिळवलं?

नेमकं काय बिघडतं, ते समजून घेऊ. ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही त्यांनीही हे समजून घ्यावं, कारण त्रास त्यांनाच होतो.

वेबची मूळ रीत साधी होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली, तिचा कणाच पत्ता हा होता. प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता. ब्राउझर तो पत्ता सर्व्हरला सांगतो, सर्व्हर ते पान पाठवतो, ब्राउझर ते दाखवतो. या रीतीत कितीतरी कामं ब्राउझर निमूटपणे करत असे. ‘बॅक’ दाबलं की आधीचं पान, आणि तेही आपण वाचत होतो त्याच ओळीपाशी. रिफ्रेश केलं की तेच पान ताजं. पत्ता कॉपी करून दुसऱ्याला दिला की त्याच्याकडेही तेच पान. नवं पान आलं की वर नवं शीर्षक. प्रोग्रामरला यासाठी एक ओळही लिहावी लागत नव्हती.

मग १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट आली. २००४ मध्ये जीमेल आलं. पूर्ण पान न बदलता नुसता हवा तो मजकूर मागून घेण्याच्या युक्तीला २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. पडदा झटपट बदलू लागला, पण वरचा पत्ता तोच राहू लागला. मग पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह लावून पुढे काहीबाही लिहिण्याची तोड निघाली. २०१० च्या सुमारास ब्राउझरांनी ‘पुशस्टेट’ नावाची सोय दिली. तिने सर्व्हरला काहीच न विचारता वरचा पत्ता बदलता येतो. रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू यांचे आजचे राउटर प्रामुख्याने याच सोयीवर उभे आहेत. तुम्ही लिंकवर बोट ठेवता, राउटर ब्राउझरला मध्येच थांबवतो, पत्त्याची पाटी स्वतः बदलतो आणि नवा पडदा स्वतः रंगवतो.

एसटीचं उदाहरण घ्या. गाडी आगारातून तुळजापूरची पाटी लावून निघाली. वाटेत चालकाने स्वतःच पाटी बदलून नळदुर्गची लावली आणि प्रवाशांना नळदुर्गला नेलं. जोवर गाडी चालू आहे तोवर सगळं ठीक. पण एखाद्याने आगाराच्या खिडकीवर जाऊन विचारलं, “नळदुर्गची गाडी कुठंय?”, तर कंट्रोलरच्या वहीत तशी गाडीच नाही. रिफ्रेश म्हणजे आगारात जाऊन विचारणं. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडणं म्हणजेही आगारात जाऊन विचारणं. चालकाने पाटी बदलली, पण आगाराला कळवलंच नाही, म्हणून तिथून उत्तर येतं ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. त्या दिवशी मामांच्या पडद्यावर जी ओळ आली तिचा मला दिसलेला अर्थ एवढाच.

ही पद्धत मुळात वाईट आहे, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. एकदा ॲप उतरलं की पुढे नुसता मजकूर ये-जा करतो, पान पुन्हा पुन्हा पूर्ण उतरवावं लागत नाही. बालाघाटाच्या डोंगरात जिथे नेटची एखादी कांडी येते आणि जाते, तिथे नीट बांधलेलं असं ॲप खरोखर उपकारक ठरतं. भरलेला अर्ज फोनमध्येच साठवून नेट आल्यावर पाठवता येतो. शेतात उभं राहून भरायच्या नोंदींसाठी यासारखी सोय नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. वाट ब्राउझरच्या हातात होती, ती तुम्ही आपल्या हातात घेतली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मग त्या वाटेवर ब्राउझर जी जी सेवा देत होता, ती सगळी आता तुमच्या माथी आली. हा व्यवहाराचा साधा न्याय आहे. सामायिक विहीर कोणी स्वतःच्या ताब्यात घेतली, तर गावाला पाणी देण्याचं कामही त्याच्याकडे जातं. विहीर ताब्यात ठेवायची आणि पाण्याचं नाव काढायचं नाही, याला आपण गावात काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे.

तेरच्याच गोरोबाकाकांची एक कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. संतमंडळी जमली होती. काकांनी कुंभाराचं थापटणं उचललं आणि मडकी तपासावीत तसं एकेकाच्या डोक्यावर थापटून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं. नामदेवांना राग आला, आणि काकांनी निवाडा दिला की हे मडकं अजून कच्चं आहे. नामदेवांसारख्या थोर भक्तालाही ती परीक्षा चुकली नाही. कुंभाराची रीतच ती. आवाज ऐकल्याशिवाय मडकं बाजारात जात नाही. आपण लिहिलेलं ॲप लोकांच्या हाती देण्यापूर्वी असंच थापटून पाहावं, असं माझं सांगणं आहे. कुठे कुठे थापटायचं, तेही सांगतो.

पहिली थाप पत्त्यावर. ॲपचं सर्वांत आतलं पान उघडा आणि रिफ्रेश करा. मग तोच पत्ता कधीच लॉगिन न केलेल्या दुसऱ्या फोनवर उघडा. पान आलं पाहिजे. लॉगिन लागत असेल तर लॉगिननंतर थेट त्याच पानावर नेलं पाहिजे, मुख्य पानावर नव्हे. यासाठी सर्व्हरला सांगून ठेवावं लागतं, की ॲपच्या आतला कुठलाही पत्ता आला तरी ॲपचं मूळ पान दे, पुढचं राउटर पाहील. सेटिंगच्या दोन ओळींचं हे काम. पण त्याची दुसरी बाजूही सांभाळा. जे पान खरोखर अस्तित्वात नाही, त्यासाठी ‘सापडलं नाही’ असं स्पष्ट सांगा, आणि मराठीत सांगा. कोरा पडदा हे उत्तर नसतं.

दुसरी थाप ‘बॅक’वर. नवशिक्या माणसाचा सगळा धीर या एका बटणात असतो. कुठे अडकलो, काही चुकीचं दाबलं, तर मागे जाता येईल, या भरवशावर तो पुढे पाऊल टाकतो. अंधारात चालणारा माणूस भिंतीला हात लावून चालतो, तसं. ती भिंत काढून घेऊ नका. सात पानांचा अर्ज असेल तर प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता द्या, म्हणजे ‘बॅक’ एकच पाऊल मागे नेईल. भरलेला मजकूर प्रत्येक पायरीला सर्व्हरवर साठवा, म्हणजे फोन बंद पडला तरी तिथूनच पुढे जाता येईल. लांबलचक यादीतून एक नाव उघडून परत आल्यावर यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ देऊ नका. जिल्ह्यातल्या गावांच्या यादीत खाली कुठेतरी ‘हिप्परगा’ शोधणाऱ्याला प्रत्येक वेळी वरून खाली उतरायला लावणं ही छळणूकच आहे.

तिसरी थाप लिंकवर. लिंक ही लिंकच असू द्या. पुष्कळ जण एखाद्या चौकोनाला ‘क्लिक झालं की इकडे जा’ एवढं सांगून मोकळे होतात. तो लिंकसारखा दिसतो, पण लिंक नसतो. त्याच्यावर बोट दाबून धरलं तर पत्ता कॉपी होत नाही, नव्या टॅबमध्ये उघडता येत नाही, कीबोर्डने तिथे पोचता येत नाही. राउटरनेच दिलेला लिंकचा घटक वापरला तर यातलं बहुतेक काम आपोआप होतं.

चौथी थाप डोळे मिटून. ही थाप मी सर्वांत महत्त्वाची मानतो. ज्याला दिसत नाही तो स्क्रीन रीडरच्या आवाजावर वेब वापरतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, संगणकासाठी एनव्हीडीए फुकट मिळतो. साध्या वेबसाइटवर नवं पान उघडलं की हा आवाज नव्या पानाचं शीर्षक वाचून दाखवतो. राउटरने पडदा बदलला तर ब्राउझरच्या लेखी नवं पान आलेलंच नसतं, म्हणून आवाज गप्प राहतो. दिसणाऱ्याला नवं पान दिसतं. अंध विद्यार्थी मात्र बटण दाबून वाट पाहत बसतो. दाबलं गेलं की नाही, हेही त्याला कळत नाही. उपाय हाताशी आहे. पडदा बदलला की शीर्षक बदला, कीबोर्डचा रोख नव्या पानाच्या मथळ्यावर आणा, आणि पान बदलल्याचं स्क्रीन रीडरला कळेल अशी सूचना द्या. प्रत्येक पानाला अर्थपूर्ण शीर्षक असावं, हा नियम जागतिक सुगमता निकषांत २००८ पासून आहे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. म्हणजे राउटरमध्ये शीर्षक बदलणारी ती एक ओळ लिहिणं ही आता मेहरबानी उरलेली नाही.

पाचवी थाप हलक्या फोनवर आणि मंद नेटवर. ब्राउझरात सगळं रंगवायचं म्हणजे आधी सगळा प्रोग्राम उतरवायचा. तुमच्या कचेरीतल्या महागड्या लॅपटॉपवर तो डोळ्याची पापणी लवते तोवर उतरतो. शेतमजुराच्या घरातल्या एकुलत्या एक जुन्या फोनवर तेवढ्यात पांढरा पडदा आणि तापलेली बॅटरी एवढंच मिळतं. प्रत्येक पानाचा प्रोग्राम वेगळा तोडून ज्याला जे लागेल तेवढंच पाठवा. पहिलं पान सर्व्हरवरच तयार करून धाडता येतं, ती सोय वापरा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. तुम्ही नवी आवृत्ती चढवता आणि जुन्या फायली पुसून टाकता. त्या वेळी कुणाच्या तरी फोनवर जुनी आवृत्ती उघडी असते. तो पुढच्या पानावर जातो, ॲप जुनी फाइल मागतं, ती नसते, आणि अर्धवट अर्जावर पांढरी शाई सांडावी तसा पडदा कोरा होतो. जुन्या फायली काही दिवस राहू द्या. फाइल मिळाली नाही तर काय करायचं, ते लिहून ठेवा.

सहावी थाप कुलपावर. राउटरमध्ये ‘लॉगिन नसेल तर हे पान दाखवू नको’ असं लिहिता येतं. त्याला पहारा म्हणतात, पण तो नुसता कापडी पडदा आहे. त्यामागचा मजकूर देणारा सर्व्हर स्वतः प्रत्येक वेळी विचारत नसेल, की मागणारा कोण आणि त्याला हा कागद पाहण्याचा हक्क आहे का, तर पत्त्यातल्या अर्ज क्रमांकाचा एखादा आकडा बदलून कोणीही शेजाऱ्याचं आधार आणि बँकेचं खातं वाचू शकेल. खरं कुलूप सर्व्हरवरच लागतं. तसंच आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक पत्त्यात कधीही घालू नका. सेवा केंद्रातला संगणक शंभर जणांचा असतो, आणि पत्ते त्याच्या इतिहासात साठून राहतात. गोरगरिबाची गुपितं सांभाळणं हे श्रीमंताच्या गुपितांइतकंच पवित्र काम आहे.

या थापा चुकल्या म्हणून कुणी लाजू नये. मोठमोठ्यांच्या चुकल्या आहेत. ट्विटरने २०१० मध्ये हॅशच्या पत्त्यांवर आणि ब्राउझरातल्या रंगकामावर सगळा भार टाकला. २०१२ मध्ये त्यांनी ते पत्ते सोडले आणि पहिलं पान पुन्हा सर्व्हरवर तयार करायला सुरुवात केली. पान दिसायला लागणारा वेळ पूर्वीच्या पाचव्या हिश्श्यावर आल्याचं त्यांनीच जाहीर केलं. फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकर या अमेरिकेतल्या वृत्तसमूहाने नवी बांधणी आणली, जावास्क्रिप्टमध्ये बिघाड झाला आणि त्यांच्या साऱ्या साइट कोऱ्या पडल्या. वृत्त होतं, सर्व्हर होता, वाचकही होता. मधली वाट तुटली होती. चूक कबूल करून मागे फिरण्यात कमीपणा नाही. चूक वापरणाऱ्याच्या माथी मारून पुढे जाण्यात आहे.

कुणी म्हणेल, एका रिफ्रेशपायी एवढा गहजब कशाला? त्याने आपल्या जिल्ह्याची गोष्ट आठवावी. २०२० च्या खरिपात परतीच्या पावसाने काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. विमा होता. पण नुकसान झाल्याचं ७२ तासांच्या आत कळवलं नाही, या कारणावरून इथल्या असंख्य शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेलं, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने कौल दिला. तिथला दोष कुठल्या राउटरचा होता, असं मी मुळीच म्हणत नाही. मला दाखवायचा आहे तो ७२ हा आकडा. जिथे हक्क तासांत मोजला जातो, जिथे रानात गुडघाभर चिखल आणि वीज गेलेली असते, तिथे ‘उद्या या’ या दोन शब्दांची किंमत एका हंगामाची असू शकते. पीक पाहणी मोबाईलवर, विमा मोबाईलवर, शिष्यवृत्ती पोर्टलवर, दाखले पोर्टलवर. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा करून ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा नागरिकाचा हक्क मानला. त्या हक्काचा उंबरठा आता पडद्यावर आहे. उंबरठ्यावर ठेच लागत असेल, तर आतल्या कायद्याचा उपयोग काय?

या मातीला तर हे नव्याने सांगायची गरज नाही. निजामाच्या राजवटीत वरच्या कचेरीचं आणि कोर्टाचं कामकाज उर्दूत चाले. इथल्या मराठी शेतकऱ्याला आपल्याच दाव्याचा कागद दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा लागे, आणि वाचणारा सांगेल ते खरं मानावं लागे. म्हणूनच हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या शाळा महत्त्वाच्या ठरल्या. स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे मुलं शिकवली, आणि पुढे हैदराबादच्या मुक्तीचा लढा चालवला. आपला कागद आपल्याला वाचता यावा, आपली कचेरी आपल्याला उमजावी, ही त्या लढ्यामागची एक साधी मागणी होती. १७ सप्टेंबर १९४८ ला राजवट गेली. मागणी अजून पूर्ण व्हायची आहे, आणि ती पूर्ण करणारे हात आता तुमचे आहेत.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. “मॅनेजर वेळ देत नाही” ही त्यांतली पहिली. पण वर सांगितलेल्या कामांतली निम्मी एका दुपारची आहेत, आणि ती सुरुवातीला केली तर स्वस्त, नंतर केली तर महाग पडतात. हे मॅनेजरला आकड्यांत दाखवता येतं. “फ्रेमवर्क सगळं करतं” ही दुसरी. फ्रेमवर्क अवजारं देतं. कुदळ स्वतः होऊन विहीर खणत नाही. “आमचे वापरणारे शहरातले आहेत” ही तिसरी. शहरातही लिफ्टमध्ये नेट जातं, शहरातही अंध माणसं राहतात, आणि शहरातला माणूसही बायकोला लिंक पाठवतो ती उघडावी म्हणूनच.

शिकवणाऱ्यांनाही मला विनंती करायची आहे. राउटरचा धडा बहुतेक ठिकाणी ‘होम, अबाउट, कॉन्टॅक्ट’ ही तीन पानं एकामागून एक क्लिक करून बदलली की संपतो. मुलाला वाटतं, आलं आपल्याला. तो प्रकल्प खऱ्या सर्व्हरवर चढवून, आतल्या पानावर रिफ्रेश करून दाखवणं, स्क्रीन रीडर लावून चालवणं, नेट तोडून पाहणं हा धड्याचा दुसरा अर्धा भाग आहे. तुळजापूरपासून उमरग्यापर्यंत जिथे जिथे हा विषय शिकवला जातो, तिथल्या गुरुजनांनी तोंडी परीक्षेत एवढं जरी विचारलं, तरी पुढच्या वर्षी बाहेर पडणारी पिढी वेगळी असेल. सरकारी कामाचे ठेके देणाऱ्यांनी या सहा थापा कराराच्या अटींत लिहाव्यात. आणि सेवा केंद्र चालवणाऱ्या भावा-बहिणींनो, दर वेळी ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणू नका. त्या तीन शब्दांखाली दुसऱ्याचे किती दोष झाकले जातात! पडद्याचा फोटो काढा, वरचा पत्ता आणि वेळ लिहून घ्या, तक्रार नोंदवा. आणि समोरच्याला सांगा, “मामा, तुमचं काही चुकलं नाही.”

आता शेवटचं, पुन्हा तुमच्याकडे. येत्या नवरात्रात नाहीतर दिवाळीला तुम्ही गावी याल. आईच्या नावाने तुळजापूरला पायी चालत जाणारे तुमच्यात पुष्कळ असतील. जरूर जा. पण एक सकाळ राखून ठेवा. आपल्या गावच्या सेवा केंद्रात जाऊन खुर्ची ओढून बसा. तुमची ओळख सांगू नका, कुणाला शिकवू नका, तासभर फक्त बघा. बोट कुठे थांबतं, ‘बॅक’ कधी दाबलं जातं, पडदा कोरा झाल्यावर माणूस कुणाकडे पाहतो. जमलं तर तुम्ही स्वतः लिहिलेलं ॲप केंद्रातल्या त्याच जुन्या संगणकावर उघडा, सर्वांत आतल्या पानावर जा, आणि रिफ्रेश दाबा. मग पुण्याला परत जाल तेव्हा काय दुरुस्त करायचं, ते कुणी सांगायची गरज उरणार नाही. ते दुरुस्त करा.